मुळांशी एक सेंटिमीटर

पुंता अरेनासमध्ये डिसेंबरात असा वारा सुटतो
की नगरपालिका रस्त्याकडेने दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
माझ्या खुर्चीतून उठलेलं गिऱ्हाईक
कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत पोचेस्तोवर
माझी चाळीस मिनिटांची मेहनत उधळलेली असते.
तरी येतात.
कुणाला दाखवायला, हे मी एकतीस वर्षांत विचारलेलं नाही.
न्हाव्याने मान धरावी, मन धरू नये.

इस्मेनिया कुसानोविच आली तो मंगळवार होता.
औषधांच्या दुकानात काउंटरवर असते ती. वय अठ्ठावन्न,
करडे केस, वर्षानुवर्षं तोच आखूड अंबाडा.
म्हणाली, "हिरवा कर."
कुठला हिरवा?
"बंदराच्या तोंडाशी तरंगतो ना, त्या बोयासारखा.
लांबून दिसला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी गावाला विषय मिळाला.
शाळेतल्या पोरी नुसतं तिला बघायला
खोकल्याचं औषध विकत घेऊ लागल्या.
माझा मेहुणा लिसान्द्रो,
जो पोट आत ओढल्याशिवाय चर्चची पायरी चढत नाही,
म्हणाला, "लक्ष वेधायचं, दुसरं काय!"
मी गप्प बसलो.
खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

(सव्विसाव्या वर्षी मी एकदा मिशी काढली होती.
तीन दिवस घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही.
चौथ्या दिवशी आईने विचारलं, तुला बरं नाही का?
तेव्हापासून मिशी आहे.)

सहा आठवड्यांनी ती परत आली.
बेसिनमध्ये मान मागे टाकली की माणसं डोळे मिटून बोलतात,
पाण्याच्या आवाजात आपण ऐकू जात नाही
असं त्यांना वाटत असावं.
"दानित्सा गेल्यापासून," ती म्हणाली.
जुळी बहीण. मला माहीत होतं, अख्ख्या गावाला होतं.
"लोक मला बघून रस्त्यात थबकतात.
हात हातात घेतात, डोळे भरतात त्यांचे,
आणि ज्या बाईकडे ते बघतात ती मी नसते.
सकाळी दात घासताना माझंही तेच होतं.
दीड वर्ष मी तिचा फोटो होऊन हिंडतेय.
फ्रेम तेवढी नाही."

म्हणजे लक्ष वेधायलाच की.
लिसान्द्रो चुकला नव्हता.
कुणावरून काढून कुणाकडे, एवढंच त्याने विचारलं नव्हतं.

"आणि आई काय म्हणाली?"
विचारायला नको होतं मी.
"आईने चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, आता दोघीही गेल्यात."

नळ चालू होता.
मी तो जरा जास्तच वेळ चालू ठेवला.

मग तिला खुर्चीत बसवलं, वाटीत रंग कालवला.
मुळांशी सेंटिमीटरभर करडी रेघ वर आली होती,
ओहोटीला धक्क्याच्या खांबावर उघडी पडते तशी.
तिने आरशात पाहिलं. भांग फाकवून
बोटाने त्या रेघेवरून हळूच जाऊन आली,
मोजल्यासारखी,
की कुणाला थोपटल्यासारखी.
"एवढी राहू दे," म्हणाली.
"बाकीचा कर हिरवा, होता तसाच. पण एवढी...
रविवारी आईकडे जेवायला असते मी."

बाहेर दोर ताणून थरथरत होता.
ती तो न धरताच निघाली,
दोन्ही तळवे डोक्यावर घट्ट दाबून.
केस झाकायला की सांभाळायला,
ते मला दारातून दिसलं नाही.