कानतुटका कप

मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत
मीटररूमला लागून एक कट्टा आहे.
साडेनऊला मालिका संपली, भांडी पडली,
की माणसं तिथे उतरतात.
मीही उतरते. काय काम करते ते सांगितलेलं नाही.
"प्रॉडक्शन" म्हटलं होतं एकदा,
त्यांना वाटलं कारखाना.
वागळे इस्टेट इतकी जवळ, तेच सोपं.

खरं तर घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओत
मी वही घेऊन बसते.
पेला कोणत्या हातात होता,
पदर पिनेत की सुटा,
समईत तेल किती.
मंगळवारी अर्धं रडलेलं माणूस
शुक्रवारी उरलेलं रडतं,
तेव्हा टिकली त्याच जागी हवी.

पेडणेकर जकात नाक्यावर होते.
नाका गेला, संशय राहिला.
"अख्खं खानदान दुपारी बाराला जिन्यावर उभं.
कंपनी चालवतं कोण?
चांगली मालिका म्हणजे
ज्यात कुणीतरी कामावर जातं."

नजमा मुकादम राबोडीहून लेकीकडे आल्यात,
मोतीबिंदू अजून पिकायचाय.
"मी ऐकते. भाकऱ्या थापताना कळते ती खरी.
ढॅण ढॅण जास्त झालं
की समजायचं, बोलायला काही उरलं नाही."

वॉचमन रामसजीवनचं उलटं.
तळमजल्याच्या खिडकीतून, आवाजाशिवाय बघतो
आणि कोण खोटं बोलतंय
ते आमच्याआधी सांगतो.

टिल्लूकाकूंना खलनायिका पटावी लागते.
"दोन मिनिटं तरी वाटलं पाहिजे,
बाईचं काय चुकलं?"
हे त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या.
वर तिसऱ्या मजल्यावर त्यांची सून
दोरीवरचे कपडे काढत होती.

'सात नंबरचं पाणी' बंद पडून वर्ष झालं.
चारशे बारा भाग.
ती चांगली होती, यावर मात्र एकमत;
या कट्ट्याचं पार्किंगवरही कधी झालं नाही.
"का पण?" मी विचारलं. घसा कोरडा.
"तो कप," टिल्लूकाकू.
"सगळ्यांना कपबशी, आणि वैजू स्वतः
कान तुटलेल्या कपातून प्यायची.
त्यावर एक अक्षर कुणी बोललं नाही.
आणि मग नवऱ्याने एक दिवस
तो कप आपल्याकडे ओढला..."
"मी जेवलो नाही त्या दिवशी," पेडणेकर म्हणाले.
"म्हणजे, उशिरा जेवलो."
"मला कुठे दिसायला," नजमाबी.
"पण तो ठेवताना वेगळा वाजायचा.
घाईघाईत. चटका बसतो ना."

कप माझा होता.
पहिल्याच आठवड्यात सेटवरचा फुटला,
मी डब्याच्या पिशवीतला माझा काढून दिला.
लेखकाने तो लिहिला नव्हता,
शेवटपर्यंत नाही.
मी फक्त वहीत लिहीत राहिले:
वैजू, कानतुटका, उजवा हात.
म्हणून तो रोज आला.
नवऱ्याने ओढला तो तर चुकून.
मी सांगायला उठले होते,
दिग्दर्शक म्हणाला, बस खाली.

परवा मी रजेवर होते.
साडेनऊला उतरले तर कट्टा पेटलेला.
नव्या मालिकेत, उद्योगपतीच्या टेबलावर
पेनं ठेवायला तोच कप.
गोदामातून कुणीतरी उचलला असणार.
"भंगारात दिला असेल वैजूने."
"वैजू? ती नाही द्यायची."
"मग... गेली असेल ती."
यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.
पाण्याची मोटर तेवढी चालू.
"चोरी आहे," शेवटी पेडणेकर म्हणाले,
"पावती दाखव म्हणावं."
रामसजीवनने मान हलवली.
त्या माणसाचा चेहरा त्याला
पहिल्या दिवसापासून पटला नव्हता.

आता वैजूची वस्तू तिला परत कशी मिळणार,
हे उद्या ठरणार आहे.
नजमाबींनी माझा हात चाचपला.
"तू गं गप्पशी?
तू बघत नाहीस वाटतं मालिका."