बांधणी

कुताइसीत, पांढऱ्या पुलापासून चार पावलांवर
माझं प्रबंध बांधायचं दुकान.
जून आला की पोरं येतात छातीशी कागद धरून,
डोळ्यांखाली काळं, बोटांना शाई नाही
(आता कुणाच्याच बोटांना नसते).
निळं कापड, सोनेरी अक्षरं, अठरा लारी.
उद्या सकाळी न्या, म्हणते मी.

रात्री सुई ओवून बसले की वाचते.
वाचू नये, कळतं मला.
शिंप्याने गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालू नये, तसंच ते.
पण तीस वर्षं दुसऱ्यांची पानं शिवणाऱ्या बाईला
दुसरी करमणूक काय?

एका रात्री मेदिकोचे कागद हाती आले:
ओझुर्गेतीकडचे ओसाड चहामळे.
पान एकतीसवर सुई थांबली.
"आजोबांच्या काठीने रान बाजूला सारत
मी दोनशे चौदा झुडपं मोजली."
ही काठी माझ्या ओळखीची.
अकरा वर्षांपूर्वी मीच तिला शिवलं होतं
एका लाजऱ्या पोराच्या हिरव्या पुठ्ठ्यात.

पोरीने मेहनत घेतली होती, नाही असं नाही.
'ओसाड'चं 'पडीक', 'पावसा'चं 'पर्जन्य',
वाक्यांची शेपटं पुढे, तोंडं मागे.
आजोबा तेवढे राहून गेले.

सकाळी ती आली, केसांत पीठ.
पहाटे चारपर्यंत बेकरीत असते.
मी पैसे घेतले नाहीत. विचारलं फक्त,
"आजोबा कसे आहेत?"
"कुणाचे?" म्हणाली,
आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

मग स्टुलावर बसली. रडली नाही, हिशेब सांगितला.
बाप पोलंडमध्ये फरशा बसवतो, फी त्याची.
फेब्रुवारीत बाईंनी विचारलं, कुठवर आलंय?
ती म्हणाली, अर्धं.
झालं नव्हतं काहीच.
त्या अर्ध्याची लाज राखायला
मार्चमध्ये पाऊण सांगावं लागलं,
एप्रिलमध्ये, झालंच आता.
आणि मेमधल्या एका रात्री, अडीच वाजता,
कुणीतरी पाठवलेली कुणाची तरी फाइल
समोर उघडी होती.
"सगळेच करतात," ती म्हणाली
हात एकमेकांवर घासत,
जणू हे वाक्यही तिने कुठून तरी उचललं होतं.

मी कुठली न्यायाधीश?
अशा किती प्रबंधांवर सोनेरी नावं ठोकली मी
डोळेझाक करून, अठरा अठरा लारी मोजून.
म्हणून एवढंच म्हटलं:
टाका चुकला की पुढे रेटू नये, तिथेच उसवावं.
फेब्रुवारीत एकच टाका होता.
आता वीतभर उसवायला लागेल, आणि दिसेल ते.
बाईंकडे जा. सांग, अर्धं नव्हतं झालं.
दुसऱ्याचं घ्यायचं तर नाव घेऊन घे,
शेजारणीची वाटी कुणाची, हे तर सांगतोच ना आपण.
आणि 'मी' असं लिहिशील
तिथे आधी जाऊन उभी राहा.

काही न बोलता गेली. कागद माझ्याकडेच पडले.
वाटलं, रस्त्यापलीकडच्या बेसोला गाठलं असेल.
तो वाचत नाही.

ऑक्टोबरात दार वाजलं.
एक सत्र मागे पडलेली, शिष्यवृत्ती गेलेली,
बाप दोन आठवडे फोनवर आलाच नाही म्हणे.
प्रबंध पातळ. नकाशा वाकडा.
पान अठरा:
"मी एकसष्ट झुडपं मोजली.
उरलेल्या जागी हेझलनट लावलेत.
पाऊस होता, एखादी रांग सुटली असेल."
खाली बारीक अक्षरांत त्या लाजऱ्या पोराचं नाव,
त्याचं साल, त्याचे दोनशे चौदा.

दोनशे चौदातून एकसष्ट गेले.
ही वजाबाकी त्याच्या हिरव्या पुठ्ठ्यात नव्हती
आणि जूनच्या त्या कागदांत तर असणारच नव्हती.

मी निळं कापड काढलं, डिंक ढवळला.
"आणि काठी?" विचारलं.
"छत्री होती," ती म्हणाली, "मोडकी.
लिहिलंय मी तसं."