एकेचाळिसावी पेटी

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या शेडमागच्या खोलीत
मी त्या शनिवारी वायर उपटत बसले होते.
उपटायची, पाच मोजायचे, पुन्हा लावायची.
दोनशे वेळा.
सुन्वर म्हणाली, दहादा पुरे की, शितावरून भात कळतो.
इथे नाही कळत. इथे शीत न् शीत दाबावं लागतं.

काम तसं एवढंसं:
हाकुनच्या होडीवर एक वजनकाटा,
काट्याच्या पोटात तळहाताएवढा संगणक.
कॉड, हॅडक, कधीमधी हॅलिबट;
पेटीमागे एक ओळ: वेळ, जात, किलो.
दिवसाला फार तर साठ ओळी.

एवढ्यासाठी कोपनहेगनच्या सल्लागाराने सुचवला
एक डेटाबेस, ज्याला स्वतःचा सर्व्हर लागतो,
सर्व्हरला पहारेकरी, पहारेकऱ्याला पासवर्ड.
पाहुणा एक आणि लवाजमा बारा जणांचा.
होडीवर माणसं तीन, झोपायच्या फळ्या दोन.

दुसरा होता वाऱ्यासारखा.
सेकंदाला लाख नोंदी, असा त्याचा दावा.
अकराव्यांदा वायर उपटली
आणि त्याने उघडून दाखवली स्वच्छ, रिकामी फाईल,
जणू समुद्रात कधी मासा नव्हताच.

तिसरा मी स्वतःच लिहायला घेतला होता, कबूल करते.
कोण नाही घेत?
पहिल्या आठवड्यात वाटतं, आहेच काय त्यात,
किल्ली द्यायची, मूल्य घ्यायचं.
तिसऱ्या आठवड्यात भरलेल्या पानाचे दोन भाग करताना
वरच्या पानाला कळवायचं राहून गेलं
आणि मार्चमधले सगळे हॅडक
कुठल्याच किल्लीला सापडेनात.
होते तिथेच. फक्त वाट नव्हती.
ते फोल्डर अजून आहे. नाव बदललंय.

उरला तो जुना, संथ, एका फाईलचा.
होडी धक्क्याला लागली की फाईल उचलायची, खिशात घालायची.
आधी कच्च्या वहीत लिहितो, मग पक्क्या;
कच्चं कार्डावर खरंच उतरलं का, ते विचारतो
आणि 'हो' येईपर्यंत थांबतो.
(कार्डं खोटं बोलतात.
तीन कंपन्यांची मी त्याच शनिवारी कचऱ्यात टाकली.)

हाकुनला हे समजावायला गेले
तर त्याने केबिनची भिंत दाखवली:
खडूच्या रेघा, पाचापाचाच्या जुड्या.
"पेटी उचलली की आधी इथे. हात कोरडे झाले की वहीत.
बापही असंच करायचा.
तुला याचे पैसे मिळतात?"

नोव्हेंबरात, काल्सॉयच्या उत्तरेला
लाट केबिनवरून गेली. जनरेटर बसला.
चौदा मिनिटं अंधार.
संगणक उठला, त्याने कच्ची वही उघडली,
पूर्ण होतं ते पक्क्यात चढवलं.
एक ओळ अर्धी होती:
वेळ होती, जात होती,
किलोच्या जागी नुसता एक सात.
ती पुसून टाकली. उरल्या चाळीस पेट्या.

सात म्हणजे सात? की सत्तर?
की सात आणि वर काही?
मी असते तर अंदाज बांधला असता.
कॉड एवढा भरतो, पेटी एवढी मावते,
माणूस धरून चालतो.

धक्क्यावर मत्स्यखात्याची बाई, हातात यादी.
भिंतीवरचा खडू लाटेने धुऊन नेलेला.
वहीत काही नाही, हात कोरडे झालेच नव्हते.
मी फोनवर, जीव मुठीत धरून:
चाळीस दिसतायत, हाकुन. एकेचाळिसावी
हरवली असेल तर ती माझ्या खात्यावर.

पलीकडे वारा. मग त्याचा खोकला.
"हरवली कुठली. काट्यावर ठेवली न ठेवली
तोच लाट आली. काट्यावरूनच गेली पाण्यात.
चाळीसच आणल्या आम्ही.
तुझ्या डब्याला कसं कळलं?"

त्याला कळलं नव्हतं.
मी तसं सांगितलं नाही.