पखालीला औषध

कायदा म्हणतो, घरटी चार.
म्हणून ग्लेस बेच्या आमच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी,
चार बादल्यांत गांजाची चार झाडं,
आणि त्यातलं भिंतीकडचं तीन आठवडे रुसलेलं.

लावली मर्डीनाच्या सांध्यांसाठी.
सांध्यांमुळेच ती जिना उतरत नाही.
वरूनच हाक मारते, "कसा आहे तुझा पेशंट?"

खालची पानं आधी पिवळी पडली.
शेजारचा थियोफिल वाकला, चष्मा कपाळावर:
"नायट्रोजन. म्हातारं पान अंगातलं काढून
वरच्या कोंबाला भरवतंय. खत घाल."
घातलं. माशांचं खत.
मांजर तळघरात राहायला आलं.
पिवळेपणा वर सरकत राहिला,
आणि शेंड्याच्या पानांची टोकं करपली,
कुणी जळती काडी टेकवून गेल्यासारखी.

हार्डवेअरच्या दुकानातली कॉरीन
माझ्या फोनवरचा फोटो दोन बोटांनी ताणत म्हणाली,
"शिरा हिरव्या, मधलं पिवळं. मॅग्नेशियम.
एप्सम सॉल्ट, चार लिटरला एक चमचा."
मर्डीनाचं पाय शेकायचं पाकीट मी अर्धं संपवलं.
मग कोवळ्या पानांवर तांबूस ठिपके,
जुन्या डंपरच्या पत्र्यावर असतात तसे.
कॅल्शियम, म्हणाले. अंड्यांची टरफलं कुटली.

रोग म्हशीला, औषध पखालीला.

एकतीस वर्षं मी समुद्राच्या तळाखाली काढली.
दिव्याची ज्योत वाचायचो.
ज्योतीवर निळी टोपी चढली की मिथेन;
टोपी किती उंच, त्यावर थांबायचं की मागं फिरायचं.
ज्योत खोटं बोलत नाही.
पण पहिली दोन वर्षं मला तिच्यात
ज्योतीशिवाय काही दिसलं नव्हतं.

पान "भूक" म्हणत होतं.
मी ऐकलं, "ताट रिकामं आहे."

मुलाने फोर्ट मॅकमरेहून पाठवलेला
सामू मोजायचा पेन दोन वर्षं खोक्यातच होता.
बादलीखालून निथळलेल्या पाण्यात बुडवला.
पाच पूर्णांक एक.
हवा होता साडेसहाच्या आसपास.
आमच्या विहिरीत बंद खाणीचं पाणी झिरपतं,
गंधकाचं, लोखंडाचं, आंबट.
ताट भरलेलं होतं, भरून सांडत होतं,
मुळांचं तोंड तेवढं मिटलेलं,
आणि मी वरून वाढतोय, वाढतोय,
लग्नातल्या हट्टी यजमानासारखा.

पिंपातलं पावसाचं पाणी आणलं.
खालून येणारं पाणी चहाच्या रंगाचं होतं,
ते निवळेपर्यंत तीनदा माती धुतली.
मग दहा दिवस काही नाही. लंघन.
मात्र त्याआधी शेडमधून एक मूठ भुकटी,
डोलोमाइट, चुनखडीची बहीण.

हात घातला आणि हसूच आलं.
हीच चुनखडी आम्ही बोगद्याच्या भिंतींवर उडवायचो,
कोळशाची धूळ पेटू नये म्हणून.
भुवयांत, डब्यात, सँडविचमध्ये ती.
मर्डीना दारातच म्हणायची,
"वरून गिरणीवाला, आतून खाणवाला."
दोन हजार एकला खाण बंद झाली,
भुकटी कानांतून पुढे महिनाभर निघत होती.

पिवळी पानं पिवळीच राहिली.
ती परत हिरवी होत नाहीत;
थियोफिलला वाटतं, औषध लागलंच नाही.
त्यांच्याकडे बघायचं नसतं. शेंड्याकडे बघायचं.

अकराव्या दिवशी शेंड्यावर दोन पानं, बोटं नीट पसरलेली,
करपलेलं टोक नाही, ठिपका नाही.
मी दुसऱ्या बादल्यांतही मूठ मूठ मिसळत होतो
तेव्हा जिन्यावर आवाज झाला.
मर्डीना, बसत बसत, एकेक पायरी,
हातात माझीच काठी.

झाडाकडे तिने पाहिलंच नाही.
माझ्या हातांकडे पाहिलं, कोपरापर्यंत पांढऱ्या.

"परत शिफ्टला गेला होतास का?"