पासंग

तिचा तोल मधोमध नाही.
लिव्हरच्या कडीपुढे चार बोटांवर आहे,
जिथे चपटं पोलादी पोट सुरू होतं.
तिथे हात घाल, बाकी काही करू नकोस,
ती आपली आपण आडवी होते.

नेम, बार, हे सगळं एका श्वासाचं काम.
त्याआधी आणि त्यानंतर
बंदूक नुसती न्यायची असते,
देवदारांच्या दलदलीतून, पडलेल्या खोडांवरून,
बर्फ गुडघ्याला लागेपर्यंत.
दुकानदार हे सांगत नाही.

इसा सांगायचे. आमच्या घरात वडिलांना इसा म्हणत,
तळ्यापलीकडच्या सगळ्याच फिनिश घरांत म्हणत.
उजव्या हाताची शेवटची दोन बोटं
ते तांब्याच्या खाणीत, चौदाव्या पातळीवर ठेवून आले होते.
म्हणून पोटाखालची निळाई
पुढच्या बाजूला दोनच पट्ट्यांत झिजलेली,
चमच्यासारखी पांढरी,
आणि मागे दुकानातून आणल्यासारखी निळीशार.
मागचं मी झिजवलं. एकतीस नोव्हेंबर लागले.

काडतुसं नळीखालच्या नळीत, एकामागे एक.
सहा भरली की नाक जड होतं.
एक उडालं की तोल नखभर मागे सरकतो.
“डोळे मिट,” इसा म्हणायचे, “किती उरली?”
मी ठोकून द्यायचे: चार.
निघायची तीन.
ते हसायचे नाहीत. तीच तीन पुन्हा भरून
बंदूक पुन्हा माझ्या हातात द्यायचे.

मग माझं लग्न झालं, आणि वेंडेलने
वाढदिवसाला तिला दुर्बीण बसवली.
डाव्या अंगाला चार भोकं पाडून,
किती जपून, किती सरळ!
हरीण दिसायचं हाताच्या अंतरावर,
पण माझा हातच बसेना कुठे.
दोन हंगाम मी ती तान्ह्या मुलासारखी
दंडावर घेऊन हिंडले,
दोन्ही हात अडकलेले, डहाळ्या थोबाडीत मारतायत.
पावशेर काचेसाठी
अख्खं पारडं कलंडलं होतं.
एके रात्री स्वयंपाकघरात बसून स्क्रू काढले.
भोकांत मेण भरलं.
वेंडेल आठवडाभर बोलला नाही,
आठव्या दिवशी म्हणाला, “कॉफी आहे का?”

त्यालाही आता सहा वर्षं झाली.
आणि माझा गुडघा म्हणतो, बस.

आज सिर्का पुढे चाललीय, माझी नात,
चौदा वर्षांची, कोपरापर्यंत बाह्या लांब.
घोडा अर्ध्या खटक्यावर, नळी वाटेकडे.
सकाळी तिने ती सैनिकासारखी खांद्यावर टाकली होती;
मी काही बोलले नाही.
पहिल्याच मैलात खांद्यानेच तिला सांगितलं.

बीव्हरच्या बांधावर तिचा पाय सरकला.
एक बूट गेला पाण्यात, एक गुडघा चिखलात,
टोपी वाहून चालली,
आणि हात? हात तिथेच, कमरेजवळ,
नळी आडवी, पाण्यावर वीतभर,
जणू पडलेली मुलगी दुसरीच कुणी.
मी ओरडणार होते. ओरड घशातच राहिली.

तेव्हा कुठे ध्यानात आलं:
ती डावखुरी आहे.
जेवताना, लिहिताना चौदा वर्षं बघतेय मी,
आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!
इसाच्या पट्ट्या, माझी झीज,
काहीच तिच्या बोटांखाली नीट येत नाही.
तिची नखं टेकतात उजव्या अंगाला,
जिथे आजवर फक्त आमचे तळवे घासले,
आणि तळवा बसतो डावीकडे,
नेमका त्या चार भोकांवर.

बूट पिळता पिळता म्हणाली,
“आजी, इथे काहीतरी खरखरतंय.”

“मेण असेल,” मी म्हटलं. “किती उरलीत?”

तिने डोळे मिटले नाहीत.
हात जरासा वर-खाली केला, जसं कुणी
अंडं घेण्याआधी करतं.

“पाच,” म्हणाली.
मी सहा भरली होती.
टोपी तोवर वळणाआड गेली होती.