वरून

पहाटे साडेतीनला हिलोत फक्त आमचं शटर उघडं असतं
आणि बंदरावरचा एक दिवा, तोही पेंगुळलेला.
तांदूळ मी धुते, सात पाण्यांनी.
भात मी शिजवते, मुसुबी मी वळते,
त्यावर डब्यातल्या मांसाची तळलेली फोड मी ठेवते,
शेवाळाचा पट्टा मी आवळते.
पण वरून भुरभुरायचं ते फक्त तोशिये कानेशिरोनं.
एकवीस वर्षं हाच करार. कागदावर नाही.

तिची बरणी मेयोनीजची, लेबल खरवडून काढलेलं,
आत काळं-पांढरं-तांबूस काहीतरी:
तीळ, समुद्रशेवाळाच्या चिंध्या,
सुक्या मासळीचा भुगा, मीठ, किंचित साखर.
फुरिकाके म्हणतात त्याला,
म्हणजे नुसतं वरून टाकलेलं.
इतकं साधं नाव,
की बारसं करायचं राहूनच गेलं असं वाटावं.

ती हात उंच धरायची, खांद्याच्याही वर,
आणि बोटं एकमेकांवर घासायची,
जणू नाणं खरं की खोटं बघतेय.
जवळून टाकलं तर ढीग होतो, म्हणायची,
लांबून टाकलं तर सगळ्यांना मिळतं.

गिऱ्हाईकं तर्क लढवायची.
मेडेरोस म्हणे, त्यात वाळवलेली कोळंबी आहे.
क्रेनवाला काईमाना पैजेवर सांगायचा,
तिच्या आईनं ओकिनावाहून काहीतरी आणलं होतं,
तेच ही पुरवून पुरवून वापरतेय.
शाळेची बस चालवणारी फ्लोर आगबायानी
वास घेऊन घेऊन रडकुंडीला आली;
घरच्या सॅमनला, घरच्या पॉपकॉर्नला
काही केल्या ती चव येईना.

मार्चमध्ये तोशियेचा उजवा हात गेला.
म्हणजे होता जागेवरच,
पण कुणीतरी तिच्या मांडीवर विसरून गेल्यासारखा.
हॉस्पिटलातून आली, स्टुलावर बसली,
डाव्या हातानं बरणी माझ्याकडे सरकवली.
जीभ जड. शब्द एकेक करून उतरले,
उशिरा लागलेल्या बोटीतून उतारू उतरावेत तसे:
'सुपरमार्केटमधलं आहे.
तिसरी रांग, खालचा कप्पा.
सेल असला की दोन घे.'
मी बघतच राहिले.
'तीळ तेवढे पुन्हा भाजते,' म्हणाली,
आणि हसली, अर्ध्या तोंडानं.

त्या दिवशी शटर ओढल्यावर तिनं बापाचं सांगितलं.
गिन्झो, उसाच्या मळ्यात. गळ्यात पितळी बिल्ला,
बिल्ल्यावर आकडा, मुकादम आकड्यानंच हाक मारी.
दुपारी बांधावर डबे उघडायचे,
पोर्तुगीजाचं सॉसेज, कोरियनाची किमची,
फिलिपिनोचं व्हिनेगरमधलं डुक्कर,
सगळं मधोमध.
गिन्झोकडे कोरडा भात, आणि कागदाच्या पुडीत
माशांचे काटे, पत्र्यावर वाळवून कुटलेले.
त्याला लाज वाटे.
मधोमध ठेवावं असं त्यात काही नव्हतं.
म्हणून तो उभा राहायचा
आणि सगळ्यांच्या भातावर, न विचारता, वरून

इथे ती थांबली.
जीभ थकली असेल.
मी भांडी घासायला घेतली.

आता मी भुरभुरते.
पहिल्या आठवड्यात नुसते ढीग.
मेडेरोसनं मुकाट खाल्लं,
कागदावरचे तीळ ओल्या बोटानं टिपले
आणि म्हणाला, कोळंबी कमी पडली आज.
फ्लोरला मी अजून काही सांगितलेलं नाही.
परवा तीच मला तिसऱ्या रांगेत भेटली,
दोघींनी एकमेकींच्या टोपलीत पाहिलं
आणि पावसापाण्याचं बोललो.

तोशिये स्टुलावरून बघत असते.
हात उंच, म्हणते डोळ्यांनी. अजून उंच.
उंचावरून टाकलं की दारातला वारा
त्यातलं थोडं उचलतो,
उंबऱ्यापलीकडे नेऊन सांडतो.
तिथे एक साळुंकी येते, रोजचीच,
एका पायानं लंगडी.
तीळ तेवढे टिपते, शेवाळ ठेवते.