कच्चा टाका

कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं :
हा करार नव्हे.
गटातल्या अकराही जणींना दाखवला.
कुसुमबाई नेवारे म्हणाल्या,
"काऊन मंग सही मांगून राह्यला थो?"

फाट्यावरची जिनिंग दिवाळीनंतर सुरू होणार.
चौसष्ट मजूर, दोन पाळ्या,
जेवणाचा ठेका आम्हाला द्यायचा म्हणून
मॅनेजर लढ्ढा दोनदा येऊन गेले.
"पक्कं नंतर, वहिनी. आधी पंधरा दिवस करून पाहू.
तुम्हालाही कळेल, आम्हालाही."

मला ते लगेच कळलं. वीस वर्षं शिलाई केली मी.
नव्या गिऱ्हाइकाच्या कापडावर
कोणी सरळ मशीन मारत नाही.
आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चा टाका,
घालून बघ, हात वर कर,
काखेत दाटतं का सांग.
उसवायला सोपं पाहिजे, एवढंच त्याचं काम.

सही केली.
ताट अडतीस रुपये, हिशेब दर शनिवारी.
नाही जमलं तर कोणीही उठून जावं, दावा नाही, दंड नाही.
दोनच गोष्टी बांधील :
जिनिंगचे मोठे गंज घासून परत करायचे,
आणि भाव दुसऱ्या ठेकेदाराच्या कानी घालायचा नाही.

पंधरा दिवसांत कळलं
की रुईचं तूस उडून वरणात पडतं,
की गाठी चढवणारा माणूस तीन पोळ्यांचा नसतो,
तिसरीनंतर खाली मान घालतो, मागत नाही.
मेळघाटातल्या पोट्ट्यांचं पोळीने पोट भरत नाही,
त्यांना भाकर लागते.
आणि रात्रपाळी जेवते दोन वाजता.
तेव्हा ऑटो नसतो, रस्त्याला दिवा नसतो,
मंदा आणि तिची सून डोक्यावर डबे घेऊन पायी.

मी कागदाच्या मागे लिहीत गेले.
झाकणाचे गंज. भाकरीचा भाव वेगळा.
रात्री गाडी जिनिंगची.
लढ्ढांनी प्रत्येक ओळीखाली आद्याक्षरं घातली,
एकदा तर मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून.

मग पक्का करार आला.
नऊ पानं, स्टॅम्प, हिंगणघाटच्या वकिलाचा शिक्का.
पेन उघडलं. पान सात, खालून तिसरी ओळ :
यापूर्वीचे सर्व लेखी व तोंडी समजुतीचे कागद
या कराराने रद्द समजावेत.
बरं. कच्चा टाका उसवायचाच असतो.
तरी पुन्हा पहिल्या पानापासून लागले, ओळीखाली बोट धरून.
झाकणं होती. भाकर होती.
गाडी नव्हती.
कुठेच नव्हती.

"ते तर ठरलेलंच आहे, वहिनी. लिहायचं काय त्यात?"
माणूस वाईट नाही. विसरला असेल,
नाहीतर वकील.
पण दोरा ओढतात तो शिवण पडल्यावर.
आधी ओढला की बाही हातात येते.

पेनाला टोपण लावलं.
जुना कागद उलटा करून समोर ठेवला :
त्यांचीच आद्याक्षरं, टाकीवरच्या ग्रीसचा डाग.
म्हटलं, एवढी ओळ आत बसवा, मग बोलवा.
मुदत काल संपली, तरी आजचे डबे येतील,
जुन्याच भावाने.

घरी आले. मंदाला म्हटलं,
आज सुनेला झोपू दे, मी येते.
बॅटरीत सेल टाकून ठेव.